नळ पिळून बंद होत नाही!

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कबुली देते. दर वर्षी पाण्याचा धडा आला की मी वर्गात मोठ्या आवाजात सांगते, "पाणी जपून वापरा बरं का!" फळ्यावर 'थेंबे थेंबे तळे साचे' असं लिहिते आणि खाली रंगीत खडूनं रेघही मारते. आणि दोन उन्हाळ्यांपूर्वी याच बाईंच्या घरी न्हाणीघरातला नळ महिनाभर टिप् टिप् गळत होता!

खाली बादली ठेवली होती. ती भरली की पाणी झाडांना घालायचं. म्हणजे वाया काही जात नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. पण रात्री तो आवाज झोपू देत नसे. मग मी उठायची आणि जोर लावून नळ पिळायची. थेंब थांबायचे. दोन-चार दिवसांनी पुन्हा सुरू! मग आणखी जोर. पुढं पुढं तर मी मुठीला पकड लावून नळ आवळू लागले.

व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. मुलगा हातपाय धुवायला गेला आणि ओरडला, "आई, नळ हातात आला!" धावत जाऊन बघते तो काय, मूठ दांड्यासकट बाहेर आलेली आणि पाण्याची धार थेट छतापर्यंत! मी पिठाच्या हातानंच टॉवेल घेऊन भोक दाबून धरलं. पण पाणी असं दाबून थांबतं होय? एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं उसळायचं.

मुलाला तिथं उभं केलं आणि मी गच्चीवर पळाले. आमच्या इमारतीत तीन बिऱ्हाडं. गच्चीवर ओळीनं तीन काळ्या टाक्या. प्रत्येक टाकीला तीन-चार पाइप आणि त्यांवर कॉक. आमची टाकी कोणती ते ठाऊक होतं, पण कोणता पाइप कुठं जातो हे पाच वर्षांत मी कधी पाहिलंच नव्हतं! अंधार पडलेला. पाइप एकमेकांत गुंतलेले. जो कॉक हाताला लागला तो बंद केला. खालून मुलाचा आवाज, "आई, पाणी चालूच आहे!" दुसरा कॉक इतका जाम झालेला की फिरेचना.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आजी बॅटरी घेऊन जिना चढून आल्या. "अहो बाई, माझ्या नळाचं पाणी कशानं गेलं?" मी बंद केलेला कॉक त्यांचा होता! त्यांनी बॅटरी पाडली. त्यांच्या कॉकला लाल चिंधी बांधलेली होती. मला अंधारात ती दिसली नव्हती. मग आम्ही दोघींनी मिळून तो जाम झालेला कॉक कसाबसा फिरवला. तोच आमचा होता. पण या सगळ्यात वीसेक मिनिटं गेली होती. टाकी पाचशे लिटरची. आमच्या गावात तेव्हा आठ दिवसांनी नळाला पाणी यायचं. पाणी येऊन चार दिवस झाले होते, म्हणून टाकीत निम्मंच पाणी होतं. आता तळाला तांब्याभर उरलं होतं. आणि पुढचं पाणी यायला अजून चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी दोन घागरी आमच्या दारात आणून ठेवल्या. मी नको नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "न्या की बाई. घरात लेकरू आहे." आजी एकट्या राहतात. त्यांची टाकीही पाचशे लिटरचीच. २०१६ सालच्या उन्हाळ्यात त्या लेकीकडे लातूरला होत्या. त्या वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे तुमच्या आईबाबांना आठवत असेल. त्या दिवसांत आजी पाण्याच्या रांगेत घागर घेऊन उभ्या राहिलेल्या. त्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, "गळका नळ म्हणजे घरात शिरलेला चोर हो. हा चोर आवाज करतो, तरी आपण उठत नाही."

मुलांनो, त्या दोन घागरी उचलून घरात नेताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी कधीच वाटली नव्हती.

मामांनी दहा मिनिटांत दिलेला धडा

दुपारी प्लंबरमामा आले. त्यांनी तो सुटलेला दांडा हातात घेतला, आट्यांवरून बोट फिरवलं आणि हसले. "बाई, नळ पिळून बंद होत नसतो. वायसरनं बंद होतो."

ते काय म्हणाले ते नीट समजून घ्या. आपल्या घरातल्या जुन्या पद्धतीच्या नळात, म्हणजे जो बंद करायला मूठ दोन-तीन वेळा फिरवावी लागते अशा नळात, एक उभा दांडा असतो. त्याला बाहेरून आटे असतात. मूठ फिरवली की दांडा आट्यांतून खाली-वर होतो. दांड्याच्या खालच्या टोकाशी छोट्या छत्रीसारखा एक भाग असतो आणि त्याच्या बुडाला रबराची चकती. तोच वायसर. नळाच्या पोटात पाणी येण्यासाठी एक गोल भोक असतं. त्या भोकाच्या काठावर वायसर घट्ट बसला की पाणी थांबलं!

आता रबर काही जन्मभर मऊ राहत नाही. ते हळूहळू कडक होतं. त्याच जागी दाबलं जाऊन त्यावर गोल खाच पडते. शिवाय बोअरचं पाणी असेल तर काठावर पांढरे क्षार साचतात. मग वायसर आणि काठ यांच्यात फट राहते आणि त्या फटीतून थेंब गळतात. आपण जोर लावून पिळतो तेव्हा रबर आणखी दाबलं जातं, फट तेवढ्यापुरती मिटते. पण खाच आणखी खोल होते! पुढच्या वेळी त्याहून जास्त जोर लागतो. शेवटी आटे झिजतात आणि दांडा बाहेर! म्हणजे महिनाभर मी नळ दुरुस्त करतेय असं समजत होते, आणि खरं तर रोज रात्री तो मोडत होते. सुरुवातीलाच दहा रुपयांच्या आतला वायसर बदलला असता तर काम भागलं असतं. आता पूर्ण नळ नवा घ्यावा लागला.

जाता जाता एक गंमत. 'प्लंबर' हा शब्द कुठून आला असेल? लॅटिन भाषेत शिशाला 'प्लंबम' म्हणतात. प्राचीन रोममध्ये पाण्याचे पाइप शिशाचे असत. ते काम करणारा तो प्लंबर. विज्ञानाच्या पुस्तकात शिशाची संज्ञा 'पीबी' का, हे कोडं आता सुटलं ना? शिसं शरीराला घातक असतं, म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी आता तसे पाइप घालत नाहीत.

शाळेतला नळ

ही सगळी हकिकत मी पुढच्या सोमवारी चौथीच्या वर्गात सांगितली. मुलं खो खो हसली. मग एक मुलगी उभी राहिली. एरवी ही फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "बाई, मग आपल्या शाळेतल्या नळाचा वायसर कोण बदलणार?"

वर्ग एकदम गप्प! खिचडीच्या ताटल्या धुवायचा आमचा नळ कधीपासून गळत होता. मी रोज त्याच्यासमोरून जात होते.

मी म्हटलं, "आधी मोजू या." साडेदहाला आम्ही नळाखाली एक लिटरची बाटली लावली. ती काठोकाठ भरली तेव्हा साडेबारा वाजले होते. दोन तासांत एक लिटर. मग फळ्यावर गणित मांडलं. तुम्हीही वहीत मांडा पाहू:

२४ तासांत १२ लिटर.
वर्षात १२ गुणिले ३६५, म्हणजे ४३८० लिटर!

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावं असं ठरवलं आहे. ४३८० ला ५५ नं भागा. उत्तर जवळजवळ ८०. म्हणजे एका माणसाचं ८० दिवसांचं पाणी एक नळ वर्षात गाळून टाकतो!

आणखी एक गणित. लातूरला आलेल्या पाण्याच्या पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. आमच्या नळासारखे किती नळ वर्षभर गळले तर ती गाडी रिकामी होईल? मुलांनी भागाकार केला. उत्तर आलं ११४. एका मोठ्या गल्लीतली घरं मोजा, तेवढी भरतील!

दुसऱ्या दिवशी मी पान्हा घेऊन शाळेत गेले. मामांनी सांगितलेल्या पायऱ्या एकेक करत वायसर बदलला. जुना वायसर मुलांच्या हातांतून फिरला. त्यावरची खाच प्रत्येकानं बोट लावून पाहिली. मग टाकीचा कॉक हळूच उघडला आणि आम्ही सगळे नळाकडे बघत उभे राहिलो. एक थेंब पडला. सगळ्यांची तोंडं पडली! पण तो तोंडाशी राहिलेला जुना थेंब होता. दुसरा थेंब काही पडला नाही.

वायसर कसा बदलायचा?

हे काम घरातलं मोठं माणूस शेजारी असतानाच करायचं. पाचवी-सहावीपुढची मुलं हाताखाली नक्की काम करू शकतील.

१. नळाला पाणी ज्या कॉकमधून येतं तो आधी बंद करा. मग नळ उघडा आणि पाइपातलं उरलेलं पाणी जाऊ द्या. ही पायरी चुकली तर आमच्यासारखं कारंजं उडेल!

२. खाली मोरीच्या जाळीवर फडकं पसरा. एखादा स्क्रू पडला तर मोरीत जायला नको.

३. नळाचा वरचा सहाकोनी भाग पान्ह्यानं घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं फिरवा. दुसऱ्या हातानं नळाचं अंग घट्ट धरा, नाही तर भिंतीतला पाइप पिळला जाईल.

४. दांडा बाहेर काढा. छत्रीसारखा भाग काही नळांत दांड्याबरोबर वर येतो, काहींत आतच राहतो. तो काढून त्याचा वायसर पाहा.

५. जुना वायसर घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा. तसाच, त्याच मापाचा नवा आणा. अंदाजानं आणाल तर दोन फेऱ्या होतील.

६. नळाच्या आत बोट घालून भोकाचा काठ चाचपा. गुळगुळीत असेल तर उत्तम. खरबरीत लागला तर नवा वायसरही लवकर कापला जाईल. तेव्हा मात्र प्लंबरमामांना बोलवा.

७. सगळं परत बसवताना आटे आधी हातानंच फिरवा. सहज फिरले तर बरोबर बसलेत. अडले तर जबरदस्ती नको, काढून पुन्हा बसवा. शेवटी पान्ह्यानं थोडं आवळा.

८. कॉक हळूहळू उघडा. आता नळ दोन बोटांनी बंद होईल. पुन्हा कधी जोर लावावासा वाटला, तर समजा वायसर बदलायची वेळ झाली.

नव्या पद्धतीच्या काही नळांत मूठ फक्त पाव फेरा फिरते. त्यांत रबराऐवजी बहुधा चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. तो नळ गळू लागला तर आतला तेवढा भाग पूर्णच बदलतात.

आणखी तीन छोटी दुखणी

नळाची धार वाकडीतिकडी येते किंवा बारीक झाली? तोंडाशी जाळी असेल तर ती फिरवून काढा, वाळू धुऊन टाका. पांढरे क्षार असतील तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात तासभर भिजवा. बारीक बुडबुडे येतील. ते कसले, हे सातवी-आठवीच्या ताई-दादांना विचारा!

बेसिन तुंबलं? बेसिनखाली बाटलीसारखा किंवा वाकडा पाइप असतो ना, त्यात नेहमी थोडं पाणी साचलेलं असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं बरं का! त्या पाण्यामुळं गटारातली घाण हवा आणि किडे घरात येत नाहीत. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग यांनी शौचकूपाला असा वळणाचा पाइप जोडून त्याचं पेटंट घेतलं होतं. बेसिन तुंबलं की बहुतेक वेळा केस आणि खरकटं याच जागी अडकलेलं असतं. खाली बादली ठेवा, बाटलीचा खालचा भाग हातानं फिरवून काढा, धुवा आणि रबरी कडीसकट परत लावा. सुट्टीत गावाला जाऊन आलात आणि मोरीतून वास येतोय? तिथलं पाणी सुकलं असेल. मोरीत तांब्याभर पाणी ओता, बहुतेक वेळा वास थांबतो.

फ्लशची टाकी गुपचूप गळते का? टाकीच्या पाण्यात खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका. वीस मिनिटं फ्लश ओढू नका. भांड्यात रंग उतरला तर पाणी आतल्या आत गळतंय. ही गळती आवाजसुद्धा करत नाही, म्हणून जास्त लबाड!

हे मात्र करायचं नाही

गिझर, मोटार आणि त्यांच्या वायरींना हात लावायचा नाही. ओला हात आणि वीज यांचं वैर असतं. तुंबलेल्या मोरीत अॅसिड ओतायचं नाही. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. गच्चीवर एकट्यानं जायचं नाही आणि टाकीवर कधीही चढायचं नाही. आणि भिंतीतला पाइप गळत असेल तर ते आपलं काम नव्हे, सरळ जाणत्या माणसाला बोलवायचं.

या आठवड्याचा गृहपाठ

वायसर बदलणं नंतर शिका, पण हे एक काम या रविवारी आई-बाबांना बरोबर घेऊन कराच. आपल्या घरचं पाणी बंद करणारा कॉक शोधा. टाकीत वरून येणारा पाइप पाणी आणतो. बुडाजवळून निघतो तो बहुधा घरात पाणी नेतो. आपल्याला हवा तो यावरचा कॉक. तो बंद करा. घरातला एकेक नळ उघडून पाहा. कोणता बंद झाला, कोणता चालू राहिला, ते वहीत लिहा. दांडीचा कॉक असेल तर लक्षात ठेवा: दांडी पाइपाच्या रेषेत असली की पाणी चालू, आडवी असली की बंद. मग त्या कॉकला रंगीत चिंधी बांधा किंवा ऑइलपेंटनं ठळक खूण करा. दर दोन-तीन महिन्यांनी तो एकदा बंद-चालू करा, म्हणजे जाम होणार नाही. आणि ती जागा घरातल्या प्रत्येकाला दाखवा. आजीला आणि धाकट्या भावालासुद्धा!

पालकांनाही एक विनंती. मुलं हे काम मागतील तेव्हा "तुला काय कळतंय" असं म्हणू नका. मुलगी पान्हा मागत असेल तर तो तिच्या हातात द्या. आमच्या शाळेच्या नळाचा प्रश्न एका मुलीनंच विचारला होता, आणि बाईंना त्याचं उत्तर देता आलं नव्हतं.

आमच्या गच्चीवर आता तीन रंगांच्या चिंध्या आहेत. आजींची लाल, आमची पिवळी आणि तिसऱ्या बिऱ्हाडाची निळी. आजींच्या दोन घागरी मी पाणी आल्या दिवशी घासूनपुसून, काठोकाठ भरून परत दिल्या. त्या म्हणाल्या, "अहो, एवढी घाई कशाला?" पण गेल्या महिन्यात त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळू लागला, तेव्हा त्यांनी प्लंबरमामांना बोलावलं नाही. जिन्यातून हाक मारली, "बाई, पान्हा घेऊन या हो!"

तुमच्या घरी कोणता नळ गळत होता, बाटली किती वेळात भरली आणि वर्षाला किती लिटर पाणी वाचलं, ते पोस्टकार्डावर गणितासह कळवा. पुढच्या आठवड्यात भेटू या. तोपर्यंत कान उघडे ठेवा आणि नळ बंद!

तुमच्या बाई